पट्टीपासून क्रमानं

१

मनसाराम भानारकर मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता ऑपरेशनच्या टेबलावर मेला. सर्जननं तोवर सुरी हातातही घेतली नव्हती.

माणूस अडतीस वर्षांचा, तलावात मासे धरून पोट भरणारा. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण होता, आणि त्या आजारात होतात तसे पित्ताशयात खडे झाले होते. आरमोरीहून जंगलाच्या अंगाला गेलं की आमच्या ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय लागतं. तिथं दर मंगळवारी ऑपरेशनं होतात आणि भूल द्यायला चंद्रपूरहून मी जातो. मी म्हणजे डॉ. वसंत बोम्मावार, वय सदुसष्ट. अकरा वर्षांत माझ्या हातून टेबलावर एकही माणूस गेला नाही. हे वाक्य मी चारचौघांत फार वेळा ऐकवलेलं आहे.

त्या एका मंगळवारी मी नव्हतो. मोतीबिंदूसाठी मीच दुसऱ्या कुणाच्या टेबलावर आडवा होतो. माझ्या जागी डॉ. संघप्रिया रामटेके ही नवी, हुशार मुलगी पहिल्यांदाच गेली होती.

पाचव्या दिवशी ट्रस्टच्या सचिवांचा फोन आला. "शवविच्छेदनात काही सापडलं नाही, पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पण लोक कुजबुजताहेत. तुम्ही चौकशी करून दहा दिवसांत अहवाल द्या. कुणाची चूक सापडली तर नाव लिहा, त्याच्यावर गुन्हा दाखल करू. नाही सापडली तर सिकलमुळे गेला असं लिहून फाइल बंद."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आयुष्यभर लोकांना झोपवण्याचं काम केलं, आता म्हातारपणी डोकं चालवायची संधी आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून मी एसटीत बसलो.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात मनसारामची बायको कुंता बसली होती. ती रोज येऊन बसते, असं वॉचमन म्हणाला.

"तुमी चौकशीवाले डाक्टर काय?" तिनं विचारलं. "मले पैसा नाई पायजे. माह्या मानसाले काय झालं तेवढं सांगा. सकाळी पायानं चालत आत गेला ना तो."

"सांगीन, कुंताबाई. शब्द देतो."

"मले त्याइनं शेवटी आत बोलावलं. उशी ओली होती साहेब. तोंडातून लाळेची धार, गळ्यापर्यंत. डोळ्यायले पानी. मी पदरानं पुसलं." तिनं पदराचं टोक माझ्यासमोर धरलं. "भूल देल्यावर असं होते काय?"

मी ते वहीत टिपून घेतलं. कारण असं होत नाही. आम्ही जे पहिलं इंजेक्शन देतो त्यानं तोंड वाळवंटासारखं कोरडं पडतं.

२

आधी त्या इंजेक्शनांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे सहा सिरिंजा भरून ठेवतात. पहिल्या औषधानं लाळ आटते आणि हृदयाचे ठोके मंदावत नाहीत. दुसरं वेदना मारणारं. तिसऱ्यानं झोप लागते. चौथं आणि पाचवं अंगातले स्नायू ढिले करतं, चौथं पाच-सात मिनिटांसाठी आणि पाचवं लांबच्या पल्ल्याचं. सहावं ऑपरेशन संपल्यावर द्यायचं, पाचव्याचा असर उतरवायला. हे सहावं कधी एकटं देत नाहीत, पहिल्या औषधाच्या सोबतीनंच देतात. सहाही पाण्यासारखी रंगहीन. ट्रस्टनं सिरिंजा एकाच मापाच्या घाऊक घेतल्यामुळे दिसायलाही सगळ्या सारख्या.

त्या भरतात बुधरी मडावी. रुग्णालयातल्या एकुलत्या एक सिस्टर. ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, त्यांची, बाळंतपणाची खोली त्यांची, सिकलची नोंदही त्यांचीच. गोंड समाजातल्या, धानोऱ्याकडच्या. बोलणं मोजकं. संशयाची सुई पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर होती, कारण औषध त्यांनी भरलं होतं. नाव त्यांचं निघालं तर नर्सिंगची नोंदणी रद्द होणार आणि वर पोलीस केस. सचिवांनी त्यांना तूर्त घरी बसवलंच होतं.

मी सुरुवात केली ती ओटीतल्या पोचूपासून. पोचू सिरोंच्याचा, ऑक्सिजनची सिलेंडरं बदलणं आणि सफाई त्याच्याकडे. मला पाहताच त्यानं हातातला झाडू खाली ठेवला.

"सिलेंडर रिकामं होतं का रे?"

"देवाशप्पत नाई सर. तेच सिलेंडर बुधवारी लेकराले लावलं. निळं पडलेलं लेकरू लाल झालं. रजिस्टर पाहा."

रजिस्टर पाहिलं. खरं होतं. पोचू सुटला.

"सिरिंजा कुठं आहेत?"

"ब्लीचिंगच्या बादलीत टाकल्या ना. रोजचं काम हाय. कोनी ठेव म्हनलंच नाई." मग तो हळूच म्हणाला, "सर, त्याच्या तोंडाले लय पानी सुटलं होतं. पुसू पुसू गॉज सरला. तेव्हा तो होशमंदी होता. मले म्हने, भाऊ, गोड गोड लागून राह्यलं."

सिरिंजा गेल्या, पण फुटलेल्या ॲम्प्युलांचा, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्यांचा, डबा तसाच होता. मी चिमट्यानं एकेक तुकडा उचलून, एका डोळ्यानं नावं वाचून, वर्तमानपत्रावर मांडले. सहा औषधं, सहाही बरोबर. चुकीचं किंवा मुदत संपलेलं एकही नाही; जादा होती ती फक्त शेवटी जीव वाचवायला फोडलेली. बुधरीबाईंनी अचूक औषधं काढली होती.

मग पहिलं औषधच बनावट निघालं असेल का? त्या औषधाच्या त्याच खोक्यात चार ॲम्प्युला उरल्या होत्या. त्यातली एक फोडली आणि पोचूच्या देखत स्वतःच्या दंडात टोचून घेतली. तो "सर, सर" करत राहिला. अर्ध्या तासात माझी जीभ टाळूला चिकटली. चहा मागायचा तर शब्द फुटेना.

औषध अस्सल होतं. ते सिरिंजेत भरलं गेलं होतं. आणि तरी ते मनसारामच्या अंगात वेळेत पोचलं नव्हतं.

३

संघप्रिया चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत राहते. तिनं दार उघडलं तेव्हा ओळखू आली नाही, इतकी आठवड्यात सुकली होती.

"सर, सगळं सांगते. काही लपवायचं नाही मला."

"सांग."

"मी पोचले तेव्हा ताट तयार होतं. सिस्टर मला समजावून सांगतच होत्या, तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. त्या धावल्या. जाता जाता म्हणाल्या, 'मॅडम, पट्टीपासून क्रमानं हाय.'"

हे ताट म्हणजे जेवणाचंच, स्टीलचं, गोल. चौकोनी ट्रे ड्रेसिंगला लागतात म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच ते सुचवलं होतं. त्यात सहा सिरिंजा चाकाच्या आऱ्यांसारख्या लावतात, सुया आत. वरच्या काठावर, घड्याळात बारा असतात तिथं, चिकटपट्टीचा एक तुकडा असतो. तिथून सुरुवात.

"मग?"

"मी सर्जनना विचारलं, यांच्यावर नावं का लिहिली नाहीत? ते हसले. म्हणाले, 'बोम्मावार सर अकरा वर्षं असंच देतात, कधी काही झालं नाही. तुम्ही नवीन लोक फार घाबरता.' माझ्यानं पुढं बोलवलं नाही, सर. मी पहिली दिली. तो म्हणाला तोंडाला पाणी सुटतंय. मला वाटलं भीतीनं. दुसरी दिली. मग नाडी साठ, चाळीस, पंचवीस. श्वास थांबला. नळी घातली, तातडीच्या पेटीतलं ॲट्रोपिन फोडून दिलं, ॲड्रिनलिन दिलं, चाळीस मिनिटं छाती दाबली." तिनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "जी सिरिंज मी भरली नाही ती मी द्यायलाच नको होती."

"पहिली म्हणजे कुठली?"

"पट्टीजवळची. आणि मग तिच्या पुढची. क्रमानंच दिलं, सर."

मी तिला निरखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवणारं बोलतो. ही तर स्वतःलाच फासावर चढवत होती.

आता राहिल्या बुधरीबाई.

४

त्यांच्या गावी गेलो तर घरासमोर मांडव. भावाच्या मुलीचं, दिव्याचं, लग्न होतं. ढोल वाजत होते, मोहाच्या झाडाखाली पानं लावून जेवणं चालली होती. बुधरीबाई सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरच्या लग्नात त्यांनी नवं लुगडंसुद्धा नेसलं नव्हतं.

"जोहार, सर. डोया कसा हाय तुमचा?"

"ठीक आहे. सिस्टर, त्या दिवशी ताट कसं लावलं होतं?"

"नेहमीसारखं."

"काही फरक?"

"काईच नाई. अकरा वर्सांत जसं लावतो तसंच."

"संघप्रिया म्हणते तिनं क्रमानं दिलं."

"देलं असन. चांगली पोरगी हाय ते. तिले तरास देऊ नका."

इतकंच. त्यांनी मान वळवली आणि मांडवाकडे बघत बसल्या. मीही बघत बसलो. नवरा-नवरी मांडवाच्या मधल्या खांबाभोवती फेरे घेत होती, मागं सगळा गोतावळा. मला ते पाहताना कसंतरीच व्हायला लागलं. सिनेमाची फीत मागं फिरवल्यासारखं. मी पट्टी सारखी केली आणि खापर डोळ्यावर फोडून मोकळा झालो.

"सर," निघताना त्या म्हणाल्या, "तो तं गेला. आता सिकलनं गेला म्हना का कसाई म्हना. हे राहू द्या ना."

निरपराध माणूस असं का म्हणेल? परतीच्या एसटीत मी तीन तास तेवढंच चघळत होतो.

घरी आल्यावर बायकोकडून जेवणाचं ताट मागून घेतलं, काठाला चिकटपट्टी लावली आणि सहा पेनं आत मांडायला घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं. बायको मागं उभी राहून बघत होती.

"हे असं उलटीकडून का मांडताय?" ती म्हणाली. "घड्याळ असं फिरतं का कधी?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. हात पट्टीच्या डावीकडून सुरू झाला होता.

५

तेव्हा मला मांडवातले फेरे आठवले. आपण देवळात, लग्नात, होळीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो, उजवीकडे. गोंड माणूस डावीकडे फिरतो. मांडवात तसाच, नाचात तसाच. त्याच्या लेखी तेच सुलटं. माझ्या डोळ्याचा काही दोष नव्हता.

पट्टीचा तुकडा पहिल्या आणि सहाव्या सिरिंजेच्या बरोबर मध्ये असतो. बुधरीबाईंनी पहिली पट्टीच्या डावीकडे ठेवली आणि तिकडून गोल येत सहावी उजवीकडे आणली. संघप्रियाचा हात तिच्या सवयीनं उजवीकडे गेला. तिनं पहिली म्हणून सहावी दिली. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं आणि सोबत पहिलं औषध नसेल तर हृदय मंदावत जातं, ते हेच सहावं. मग दुसरी म्हणून पाचवी दिली. वेदना कमी करायच्या ऐवजी तिनं श्वासाचे स्नायूच सैल केले. मनसाराम जागा होता, त्याला सगळं कळत होतं, आणि श्वास घेता येत नव्हता. आधीच सिकलनं पोखरलेलं हृदय तेवढ्यात थांबलं.

दोघी खरं बोलत होत्या. दोघींनी क्रमानंच केलं होतं.

मग मी अकरा वर्षं कसा चुकलो नाही? पहिल्या वर्षी बुधरीबाई शेजारी उभ्या राहून एकेक सिरिंज हातात द्यायच्या, नाव सांगून. माझा हात त्यांच्या हाताकडून शिकला आणि डोकं झोपी गेलं. नावं लिहू नका, वेळ जातो, असं त्यांना सांगणारा मीच. चूक कुणाची ते शोधत शोधत मी माझ्याच दारात येऊन उभा राहिलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कबूल करतो, त्यात थोडा आनंदही होता. कोडं सुटल्याचा. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बुधरीबाईंकडे गेलो. मांडव उतरवत होते. मी ओसरीवर बसून सगळी साखळी त्यांना ऐकवली. लाळेपासून फेऱ्यांपर्यंत.

"मले त्याच दिवशी समजलं, सर," शेवटी त्या म्हणाल्या. "बाळंतीन सोडून धावत आली, तं पट्टीच्या इकडच्या दोन रिकाम्या अन् तिकडच्या भरून."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाले बोलू? सचिवसाहेबाले? काय म्हनले असते ते? जंगलातली बाई, सारं उलटं करते, मानूस मारला तिनं. माह्या एकटीचं नाई, आमच्या साऱ्या पोरीचं नाव झालं असतं. धानोऱ्याच्या चार पोरी नर्सिंग शिकून राह्यल्या. त्याइले कोन ठेवन?"

"मी तसं लिहिणार नाही. चूक माझी आहे. नावं लिहू नका म्हणणारा मी. ते ठसठशीत लिहीन."

"तुमी चांगलंच लिहान, सर. वाचनारे ते हायेत." त्यांनी हात जोडले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते. "लिहू नका. पायजे तं मी राजीनामा देतो."

"मी कुंताबाईला शब्द दिलाय. तिचा माणूस गेलाय, सिस्टर. तिला खरं नको का कळायला?"

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. म्हणाल्या, "पायजे. तिले पायजेच." आणि उठून मांडवाचे बांबू उचलायला लागल्या.

६

मी नऊ पानं लिहिली. सव्वाआठ पानं स्वतःवर. गोल ताट माझं, बिननावाच्या सिरिंजा माझ्या, अकरा वर्षांचा आंधळेपणा माझा. दोन जण दोन दिशांनी मोजू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून प्रत्येक सिरिंजेवर नाव हवं, ज्यानं भरली त्यानंच द्यायला हवी, आणि एका सिस्टरवर तीन खोल्या टाकू नयेत, असं लिहिलं. बुधरी मडावी निर्दोष आहेत, हे वाक्य अधोरेखित केलं.

ट्रस्टच्या समितीची बैठक वीस मिनिटं चालली. सचिवांनी माझी पाठ थोपटली. "कमाल केलीत, बोम्मावार. नुसत्या लाळेवरून! आमच्या हाती तर काहीच नव्हतं."

"तुम्ही माझ्यावर कारवाई करा."

"तुम्ही त्या दिवशी हजर तरी होता का? काहीतरीच बोलता."

निकाल एका पानाचा निघाला. बुधरी मडावींची नोकरी गेली, नोंदणी रद्द करण्यासाठी पत्र गेलं, आणि आठवड्यात पोलिसांनी त्यांना धानोऱ्याहून उचललं. मी ठाण्यात गेलो. माझा जबाब घ्या म्हटलं. इन्स्पेक्टरनं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "साहेब, तुमच्याच अहवालावर तर केस उभी आहे." वकिलालाही भेटलो. तो म्हणाला, तुम्ही जितकं बोलाल तितकं त्या बाईनं ताट उलट लावलं हेच पक्कं होईल. संघप्रिया नोकरी सोडून निघून गेली, फोन उचलत नाही. मंगळवारची ऑपरेशनं बंद झाली. सिस्टर नाही म्हणून बाळंतपणाच्या खोलीलाही कुलूप लागलं.

जामीन झाल्यावर बुधरीबाईंना भेटायला गेलो. त्यांच्या आईनं मला अंगणातच थांबवलं, पाणी दिलं. आतून त्या बाहेर आल्या नाहीत. मी तासभर बसलो आणि उठलो.

कुंताबाईला दिलेला शब्द मात्र पाळायचा होता. निकालाचं पान घेऊन मी तिच्या गावी गेलो. ती दारात जाळं दुरुस्त करत होती. तिनं मुलीला, आचलला, हाक मारली. आचल आठवीत आहे. तिनं पान हातात घेतलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "परिचारिका श्रीमती बुधरी मडावी यांनी औषधे प्रचलित क्रमाच्या उलट मांडल्यामुळे रुग्णाचा मृत्यू झाला."

"बुधरीबाईनं?" कुंताबाईच्या हातातलं जाळं खाली पडलं. "हे पोरगी तिच्याच हातावर झाली, साहेब. दोन रोज घरी नाई गेली ते माह्यासाठी."

"त्यांची चूक नव्हती, कुंताबाई. चूक माझी आहे." मी तिला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न गाळता. नवरा जागेपणी गुदमरला, हेसुद्धा. ती रडली नाही. मांडीवरची मासळीची खवलं एकेक करून झाडत ऐकत राहिली.

"मंग याच्यात तुमचं नाव कुठी हाय?" तिनं विचारलं.

आचलनं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेवटी तिला ते सापडलं. तिनं त्याखाली बोट ठेवलं आणि वाचलं, "चौकशी करणारे, डॉ. वसंत बोम्मावार."

"म्हंजे तुमीच सांगतलं त्याइले," कुंताबाई म्हणाली.

मी हो म्हटलं.